सहा ठिगळांची ट्यूब

उसाचा हंगाम ऐन भरात होता. सकाळी साडेसातला मी सायकल दुकानातला हवेचा पंप बाहेर काढत होतो, तेवढ्यात हरिपूर रस्त्यानं एक मामा सायकल ढकलत आले. मागचं चाक पार बसलेलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचं काम त्यांचं. उशीर झाला की टोळीत दुसरा गडी उभा राहतो आणि दिवसाची मजुरी जाते. सायकल टेकवून एवढंच म्हणाले, "मिस्त्री, महिन्यातलं सहावं पंक्चर हाय बघा."

आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितली. बुडबुडा नाही, म्हणजे व्हॉल्व्हट्यूब, व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, ठीक होती. मग व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण केली आणि ट्यूब बाहेर ओढली. ही खूण मी कधी चुकवत नाही. ट्यूबवर कुठं भोक आहे ते कळलं की टायरमध्ये कुठं शोधायचं तेही कळतं. पाच ठिगळं आधीची होती. त्यांतली तीन आणि आजचं भोक, सगळं वीतभर जागेत, ट्यूबच्या टायरला टेकणाऱ्या बाजूला. पाच वेळा कुणीतरी नुसतं ठिगळ लावून पैसे घेतले होते. टायरच्या आत हात घातलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. मामांच्या एकेका ठिगळामागं एकेक बुडालेली सकाळ होती.

त्या वीतभर जागेत बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग कापसाचा बोळा फिरवला, तर एका जागी धागा अडकला. टायर उलटा वाकवून उजेडात धरला तेव्हा दिसली: केसाएवढी तार, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी लांब. ट्रकचे टायर फाटले की त्यातल्या अशा पोलादी तारा रस्त्यावर पडतात आणि गाड्यांच्या वाऱ्यानं कडेला सरकतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपुढं सायकलवाल्याला कडेलाच जावं लागतं. चाकावर वजन नसलं की ही तार टायरमध्ये दडून राहते. माणूस बसला, टायर दबला, की टोक आत येतं. बारीक भोकातून हवा सावकाश जाते, म्हणून मामांना पंक्चर कळायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. चिमट्यानं तार उपसली, ठिगळ लावलं आणि पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी मामा पुन्हा दारात. रागावले नव्हते, तेच मला जास्त लागलं. उरलेली दोन ठिगळं रिमच्या बाजूला होती. ती मी बघितली होती आणि तार सापडल्याच्या आनंदात सोडून दिली होती. नवं भोकही त्याच बाजूला निघालं. रिमवरची पट्टी कुजून सरकली होती आणि मागं कधीतरी बदललेल्या एका स्पोकचं टोक त्याला रिमवर आवळणाऱ्या निपलच्या वर आलं होतं. कानशीनं टोक घासून सपाट केलं, जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून रिमभर बसवली. या वेळी पैसे घेतले नाहीत.

हवा भरताना कळलं की मामा अर्ध्याच हवेवर सायकल चालवतात. उन्हानं टायर फुटेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी टायरच्या कडेवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा दाखवला आणि तिथवर हवा भरली. कॅरिअरवर पोतं असताना कमी हवेचं चाक खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रोज निघताना अंगठ्यानं टायर दाबून बघा, म्हटलं, आणि उतरलात की चाक उचलून फिरवत फडकं धरा. काटा टोचला तरी बहुतेक वेळा लगेच आरपार जात नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीला थोडा थोडा आत जातो. तेवढ्यात तो काढता येतो.

परवा संध्याकाळी मामा यार्डातून परतताना दुकानापुढं थांबले. मी पान्याकडं हात नेला, तर म्हणाले, "चाक बरं हाय." मूठ उघडली. तळहातावर बाभळीचा काटा होता, टोक शाबूत. "अंकलीच्या वाटंवर घावला. फडक्याला अडकला."