कमुरत्यातली आवराआवर आणि लेखकाची तीन नववर्षं

सध्या बडोद्यात कमुरता चालू आहे. १६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनु राशीत गेला की १४ जानेवारीपर्यंत लग्नं बंद. वरात नाही, पार्टी प्लॉटवर डीजे नाही. लिहिणाऱ्याला या शहरात सलग महिनाभर एवढी शांतता दुसऱ्यांदा मिळत नाही. नेमक्या याच महिन्यात लोक नवी डायरी आणतात आणि पहिल्या पानावर ‘रोज हजार शब्द’ असा संकल्प ठोकतात. मग उत्तरायण येतं. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीगच्चीवर स्पीकर चढतात आणि पतंगांच्या आधी हा संकल्प कटतो.

जानेवारीत नवं लिखाण सुरू करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बडोद्यातल्या मराठी माणसाला वर्षात तीन नववर्षं मिळतात आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत. एक जानेवारी आवरायला, गुढीपाडवा लिहायला घ्यायला आणि दिवाळीनंतरचं बेसतुं वरस हिशोबाला. मराठी मासिकांचं अर्थकारण दिवाळी अंकांभोवती फिरतं, म्हणून ही वाटणी जमते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ते तसंच फिरतंय. (त्याच वर्षी बडोद्यात साहित्य संमेलनही भरलं होतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण इथल्या माणसाला ते साल सांगायला आवडतं.)

आवरायला बसल्यावर आधी कागद घ्यावेत, कॉम्प्युटर नंतर. कागद डोळ्यांदेखत खराब होत असतात. पहिला शत्रू टाचणी आणि स्टेपलरची पिन. इथल्या पावसाळ्यात लोखंडी पिन गंजते आणि गंज आजूबाजूचा कागद खातो. दहा-पंधरा वर्षांनी पिन काढायला जावं तर कोपराच हातात येतो. पिन ओढून काढू नये. मागच्या बाजूचे दोन्ही पाय बोथट सुरीने उभे करावेत आणि मग पुढून अलगद उचलावी. त्या जागी सुती नाडी किंवा प्लास्टिकची क्लिप. रबरबँड तर नकोच. तो उन्हाळ्यात वितळतो, कागदाला चिकटतो आणि नंतर कडक होऊन तुटतो.

वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडतात कारण त्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. ती पिवळी होणारच. त्यांची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढावी, कात्रणाच्या कडेला अंकाचं नाव आणि तारीख पेन्सिलने लिहावी आणि कात्रणं हस्तलिखितांपासून वेगळी ठेवावीत, कारण त्यांचं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत पट्टी सुटून येते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो. जपण्याच्या हौसेने लॅमिनेशन करणाऱ्यांना तर हात जोडावेत, ते परत सोडवता येत नाही.

पुस्तकांना आणि वह्यांना ऊन दाखवायची आपली जुनी सवय आहे. त्याने कसर जाते हे खरं, पण निळी शाईही उडते. सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी उघडी ठेवून एक दुपार पुरते. कसरीला खळ आवडते, म्हणून जुन्या बांधणीचा पुठ्ठा आणि कणा आधी तपासावा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, कापडाच्या पुरचुंडीत, आणि दरवर्षी बदललेला. ओलसर पाल्याने बुरशीच येते. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत. आणि बडोद्यात राहत असाल तर कपाटाचा सगळ्यात खालचा खण मोकळा ठेवा. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा तळमजल्यावर आधी बुडाले ते खालचे खणच. फाउंटन पेनची धुता येणारी निळी शाई पाण्यात वाहून जाते, बॉलपेनची बरीच तगते आणि पेन्सिलीचं शिसं पाण्याने हलत नाही. म्हणून कच्चं टिपण पेन्सिलीने करणारे लोक जुनाट वाटले तरी हुशार असतात.

बडोद्यातल्या घरांत जुन्या कागदांवर कधी शक, कधी संवत, कधी इंग्रजी साल असतं. इथला संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेतला चैत्रात. त्यामुळे गुजराती संवताचा कागद असेल तर कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, जानेवारी ते आश्विन अमावास्या ५६. सध्याचा संवत २०८२ हा २२ ऑक्टोबर २०२५ला सुरू झाला, त्यावर पडताळून बघा. शकात उलट मिळवायचे असतात: चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८, जानेवारी ते फाल्गुन ७९. काढलेलं साल कागदावर चौकटी कंसात लिहावं, म्हणजे मूळ लेखकाने काय लिहिलं आणि आपण काय ठरवलं हे नंतरच्या माणसाला कळतं.

आता फायली. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं मराठी लिखाण बहुधा श्रीलिपी, आकृती, शिवाजी किंवा योगेश फाँटात असतं. नव्या कॉम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उघडतं आणि लोक घाबरून फाइल पुसून टाकतात. पुसू नका. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. आकार दाखवणारा फाँट गेला, मजकूर शाबूत आहे. कोणता फाँट होता ते वर्डमध्ये मजकूर निवडल्यावर फाँटच्या रकान्यात दिसतं. ते नाव टिपून मगच त्या फाँटासाठी असलेलं, मजकूर युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाणित लिपी-संकेतात) नेणारं परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरावं. चुकीचं परिवर्तक निवडलं तर निम्मी अक्षरं बरोबर येतात आणि तेच जास्त धोक्याचं, कारण वरवर सगळं ठीक वाटतं.

बरोबर परिवर्तकही दोन ठिकाणी हमखास घसरतं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की वेलांटी मध्येच अडकते, म्हणून ‘स्थिती’, ‘शक्ति’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे शब्द शोधून तपासावेत. दुसरी जागा रफाराची. ‘कार्य’चं ‘कायर्’ आणि ‘वर्ग’चं ‘वगर्’ होतं. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला ‘र’ दिसला की समजावं. ‘र्’नंतर मोकळी जागा असा शोध लावला की बहुतेक सापडतात, विरामचिन्हांच्या आधीचे हाताने बघावे लागतात.

‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ-ने किंवा साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शोध घेताना एक दुसऱ्याला ओळखत नाही. ‘ॲ’चंही तेच. वर्षाच्या सुरुवातीला एक रूप ठरवून सगळ्या फायलींत शोधा-बदला चालवलं की पुढे अकरा महिने स्वतःचंच लिखाण सापडतं. आणि मूळ प्रत म्हणून पीडीएफवर विसंबू नये. छापायला ती उत्तम, पण तिच्यातून मजकूर उचलला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. वर्डची फाइल आणि सोबत साधी टेक्स्ट फाइल, दोन्ही ठेवाव्यात.

फाइलचं नाव साल-महिना-दिवस असं सुरू करावं, मग शीर्षक, मग खर्डा क्रमांक. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ ही नावं प्रत्येक मराठी लेखकाकडे असतात. एकूण प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि एक घराबाहेर. पेनड्राइव्ह कपाटात ठेवून विसरण्याची वस्तू नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातला मजकूर जाऊ शकतो, तेव्हा दर जानेवारीला नवी प्रत करावी आणि चार-पाच फायली उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

एक जानेवारीला आणखी एक गोष्ट कायद्याने घडते. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं लिखाणावरचा हक्क (कॉपीराइट) राहतो आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून होते. म्हणजे लेखक १९६५च्या फेब्रुवारीत गेला असो वा डिसेंबरात, त्याने हयातीत छापलेलं लिखाण १ जानेवारी २०२६ला मोकळं झालं. ज्यांना संकलन किंवा भाषांतर करायचंय त्यांनी यादी याच आठवड्यात करावी. मात्र दोन लेखकांनी मिळून लिहिलेलं असेल तर शेवटच्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजायचं, आणि भाषांतरकाराचा हक्क वेगळा. मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणून त्याचं जुनं भाषांतर उचलता येत नाही.

पाडवा यंदा, २०२६मध्ये, १९ मार्चला आहे, शके १९४८. लिखाणाची सुरुवात तेव्हा का, तर दिवाळी अंकांची निमंत्रणं मार्च ते मे या काळात येतात आणि मजकूर साधारण जून-जुलैपर्यंत मागतात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला गेलं. गेल्या वर्षीपेक्षा सुमारे तीन आठवडे जास्त. संपादक ते तीन आठवडे लेखकाला देतील असं धरून चालू नये, बहुधा ते जाहिराती गोळा करायला जातात. जाहिरातींची पानं शेवटी ठरतात आणि जागा कमी पडली की कथेला कात्री लागते. म्हणून तीन हजार शब्द सांगितले असतील तर अठ्ठावीसशेत संपवावं आणि कापता येण्याजोगा एक परिच्छेद आपणच संपादकाला सांगून ठेवावा. दुसऱ्याने निवडलेला परिच्छेद नेहमी चुकीचा असतो.

मुद्रितं (तपासायची प्रुफं) येतात तेव्हा बडोद्यात गणपती असतात (यंदा १४ सप्टेंबर) आणि मग ११ ऑक्टोबरपासून नवरात्र. इथला गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्या नऊ रात्री मुद्रितशोधनासाठी नाहीत, सकाळी सहा ते नऊ ही वेळ खरी. मुद्रितं पडद्यावर न वाचता छापून, शेवटच्या परिच्छेदाकडून पहिल्याकडे वाचावीत. अर्थाचा ओघ तुटला की अनुस्वार दिसायला लागतात.

आयकराचं नवं वर्ष १ एप्रिलचं, त्याबद्दल थोडक्यात. जुन्या करप्रणालीत पुस्तकांच्या रॉयल्टीवर कलम ८०क्यूक्यूबीखाली तीन लाखांपर्यंत वजावट आहे, पण दिवाळी अंकाचं मानधन तिच्यात बसत नाही, नियतकालिकं वगळलेली आहेत. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. जुने आकडे पाठ असलेल्यांनी सल्लागाराला विचारून घ्यावं.

खरा हिशोब बेसतुं वरसला, यंदा १० नोव्हेंबर. इथले व्यापारी दिवाळीला चोपडापूजन, म्हणजे हिशोबाच्या वह्यांची पूजा, करतात आणि लाभ पाचमेला (कार्तिक शुद्ध पंचमीला) दुकान उघडतात. लेखकानेही तीच लाल चोपडी आणावी, स्वस्त असते आणि शिवलेली असल्याने पानं सुटत नाहीत. रकाने असे: पाठवल्याची तारीख, अंक, शीर्षक, शब्द, ठरलेलं मानधन, मिळालेलं, कापलेला टीडीएस, लेखक-प्रत आली का, आणि हक्क कशाचा दिला. शेवटचा रकाना लोक सोडतात. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क’ अशा एका ओळीवर सही करण्याआधी मुदत, भाषा आणि ध्वनिपुस्तक हे तीन शब्द तिथे आहेत का ते बघावं. टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर आयकर खात्याच्या करकपातीच्या नोंदीत (जुनं नाव २६एएस) दिसतोय का हेही तपासावं. पॅनचं एक अक्षर चुकलं की पैसे कापले जातात आणि आपल्या नावावर चढत नाहीत. कुरियरच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढावा, त्या कागदावरचं छापील काही महिन्यांत पुसट होतं.

गेल्या दिवाळीचं थकलेलं मानधन लाभ पाचमेनंतर मागावं, आधी नको. तोवर अंकाचा हिशोब लागलेला नसतो आणि संपादक फोन घेत नाहीत. पत्र चार ओळींचं, फोनवर नाही तर ईमेलने: अंकाचं साल, लेखाचं शीर्षक, पृष्ठ क्रमांक, ठरलेली रक्कम, बँक तपशील. तक्रारीचा सूर नको, ‘आपल्या व्यग्रतेत राहून गेलं असावं’ एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी तेच पत्र पुन्हा, तारीख बदलून. आणि पुढच्या पाडव्याला त्याच अंकाचं निमंत्रण आलं, तर होकार देण्याआधी चोपडीतलं ते पान उघडावं.