भरपाईचा एक तास

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी ‘अपंगत्व अभ्यास’ हा ऐच्छिक विषय घेतला. जन्मापासून अल्पदृष्टी असल्यामुळे यातले निम्मे आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा माझा समज होता, आणि तो पहिल्याच महिन्यात दूर झाला. अपंग व्यक्तींना मानवी वैविध्याचा भाग मानून स्वीकारावे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंगहक्क कराराच्या तिसऱ्या कलमात आहे आणि भारताने तो करार 2007मध्ये मान्य केला आहे, हे मला वर्गात प्रथमच कळले. शरीरातली उणीव वेगळी आणि तिच्यामुळे समाज जे अडवून धरतो ते वेगळे, हा भेद 1976मध्ये ब्रिटनमधल्या अपंगांच्याच एका संघटनेने मांडला होता आणि पुढे अभ्यासक मायकेल ऑलिव्हर यांनी त्या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिले. मला तोवर चष्म्याचा नंबर आणि अपंगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारी एवढीच भाषा येत होती.

मग याच विषयाच्या परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती, मिळवण्याची वेळ आली. “तुला दिसतंय की गं, मग लेखनिक कशाला?” असे परीक्षा विभागातल्या खिडकीवर विचारले गेले. कागदपत्रांसाठी तीन खेपा झाल्या. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे, या तेव्हाच्या नियमामुळे बी.ए.ची एक विद्यार्थिनी शोधली आणि तिला विषयातले शब्द परके वाटू नयेत म्हणून दोन संध्याकाळी सराव केला.

खरी अडचण अर्जातल्या एका शब्दाची होती. केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक घेणाऱ्यांना मिळणाऱ्या वेळेसाठीचा ‘जादा वेळ’ हा शब्दप्रयोग बदलून ‘भरपाईचा वेळ’ म्हणावे आणि तो ताशी किमान 20 मिनिटे असावा, असे सांगितले होते. आमच्या छापील अर्जात मात्र ‘अनुग्रह कालावधी’ असेच होते. अनुग्रह देव करतो किंवा गुरू. मी तो शब्द खोडून ‘भरपाई’ लिहिले, तेव्हा छापील मजकुरात खाडाखोड चालत नाही म्हणून अर्ज परत आला आणि दुसरा भरावा लागला.

तीन तासांचा पेपर मला चार तासांत सोडवायचा होता. सामाजिक प्रारूप उदाहरणासह स्पष्ट करा, असा प्रश्न आला, तेव्हा मी त्या अर्जाचीच हकीकत सांगू लागले. लेखनिक मुलगी थांबली आणि हळूच म्हणाली, “ताई, हे खरंच लिहू?” मी लिही म्हटले; अजून वीस मिनिटे शिल्लक होती.