सकाळी दही, संध्याकाळी पाकीट

मावशींनी कनवटीच्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माझा खोका दे."

तो खोका प्रोबायोटिक कॅप्सूलचा, म्हणजे पोटाच्या कामाचे जिवंत जंतू भरलेल्या कॅप्सूलचा. तीस कॅप्सूल, महिन्याला साडेआठशे रुपये. एप्रिलमध्ये मुलानं आणलेला रिकामा खोका पिशवीतून काढून त्यांनी मला दाखवला होता. मी स्टॉकिस्टकडून तसाच मागवला आणि तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून एक बाजूला ठेवत आले. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती आणि ती लागतही नाही, कारण ही वस्तू औषध म्हणून नाही, अन्नपूरक म्हणून विकली जाते. खोक्याच्या मागे बारीक इंग्रजीत तसं छापलेलं आहे, औषधी उपयोगासाठी नाही म्हणून. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. मला येतं.

माणदेशातल्या एका बाजारगावात माझं मेडिकल आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं एकदमच येतात, अकरा ते दोन मान वर काढायला वेळ नसतो. त्या दिवशीही दहा-बाराजण उभे होते. मी खोका पिशवीत घातला आणि मावशी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आन पोट साफ व्हायची गोळी बी दे चार. पाच दिस झालं, काय न्हाय."

माझा हात थांबला. चार महिने रोज एक कॅप्सूल, आणि पाच दिवस पोट साफ नाही. चार महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, मावशी, हे घेऊन काही फरक आहे का? विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी तेवढीही दिली नाहीत, ही माझी चूक आणि ती मला आजही खुपते.

हाताखालच्या मुलाला काउंटर सांभाळायला सांगून मावशींना आतल्या स्टुलावर बसवलं. आधी विचारायचं ते विचारलं: शौचातून रक्त जातं का, वजन उतरलंय का, उलट्या, पोटात कळ. तसं काही नव्हतं. मग म्हटलं, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा.

चहा आणि बटर. म्हणजे आमच्याकडे बेकरीत मिळतं ते कडक, चहात बुडवून खायचं बटर. दुपारी मऊ भात आणि वरचं पाणी. संध्याकाळी चहा-बटर. रात्री परत भात. बाजरीच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईच्या तोंडून भाकरीचं नावसुद्धा येईना.

"भाकरी?"

त्यांनी ओठ बाजूला करून दाखवला. शिमग्याच्या सुमारास खालचे पाच दात काढले होते, वरचे दोन हलत होते. "चावत न्हाय गं. कुनाला सांगायचं?"

भाकरी बंद, म्हणून तिच्याबरोबरची मटकी, हुलगा, पालेभाजी, कांदा सगळंच बंद. त्यात त्याच सुमारास एका शिबिरात मिळालेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. दोन्हींनी शौचाला घट्ट होतं. मी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं बाहेर काढून ओळीनं मांडली तेव्हा चार महिन्यांचं कोडं माझ्यासमोर सुटलेलं पडलं होतं. दुखणं दातांत आणि ताटात होतं, आणि आम्ही दोघी मिळून त्यावर जंतू ओतत होतो.

"दही, ताक?"

"दूध डेअरीला जातंय. दोन म्हशी हायत, घरात चहापुरतं ठेवती."

हे ऐकून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. ज्या बाईच्या गोठ्यातून रोज सहा-सात लिटर दूध बाहेर जातं, ती त्याच दुधात एरवी फुकट वाढले असते तसले जंतू साडेआठशे रुपयांना विकत नेत होती, आणि विकत होते मी.

आतडं, जंतू, तंतू हे सगळं तिथं बसून कसं सांगायचं? मी म्हटलं, "मावशी, तुम्ही महिन्याला नवी जनावरं आणून गोठ्यात बांधताय. पण गव्हाणीत वैरण कुठंय?"

त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन जुनी बी उपाशीच की मग."

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. आपल्या मोठ्या आतड्यात आपले स्वतःचे अब्जावधी जंतू असतातच. आपल्याला न पचणारा चोथा हेच त्यांचं अन्न. डाळींची सालं, भाकरीतला कोंडा, पालेभाजीचे धागे यांच्यापासून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. चहा-बटर वरच्या वरच पचून जातं, खाली त्यांच्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. कॅप्सूलमधले पाहुणे तर बहुतेक वेळा आपण घेतो तोवर असतात आणि बंद केलं की काही दिवसांत निघून जातात.

मग आम्ही दोघींनी बिनदातांचं जेवण ठरवलं. त्यातलं निम्मं त्यांनीच मला सांगितलं. बाजरीची भाकरी ताकात कुस्करून तासभर भिजत ठेवायची. हुलग्याचं माडगं. मटकीची घोटलेली आमटी. चाकवताचं गरगटं. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेली आंबील. आंबील शिजवली की तिच्यातले जंतू मरतात, म्हणून ती कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घालायचं, एवढी भर माझी. पिकलेली पपई, केळं, भरपूर पाणी. आणि डेअरीला जाणाऱ्या दुधातलं अर्धा लिटर घरात ठेवून रोज विरजण लावायचं.

घरच्या विरजणात नेमके कोणते आणि किती जंतू आहेत हे मोजून सांगता येत नाही, घरागणिक ते बदलतात. पण १९०८ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनीही आंबट दुधाचाच पुरस्कार केला होता. अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली कोबी) असे आंबवलेले पदार्थ रोज भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातली जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी कित्येक प्रथिनं कमी झाली. प्रयोग लहान होता. तरी दह्याच्या वाटीत जंतूंबरोबर प्रथिनं असतात, कॅल्शियम असतं, पोट भरतं. कॅप्सूलनं पोट भरत नाही.

साठीनंतर शौचाची सवय बदलली तर एकदा डॉक्टरनं तपासलेलंच बरं. म्हणून ग्रामीण रुग्णालयात जा, या गोळ्यांची पाकिटंही दाखवा, असं कागदावर लिहून दिलं.

पण खोका त्यांना हवाच होता. "लेक इचारील. त्यो रोज फोन करतो, गोळी घेतली का म्हणून."

मी त्यांच्याच फोनवरून मुलाला फोन लावला. तो चाकणला कंपनीत आहे. आधी तो चिडला. दुकानदार स्वतःच वस्तू नाकारतोय म्हटल्यावर त्याला संशय येणं साहजिक होतं. मग दातांचं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. "मला म्हणाली नाही ती," एवढंच बोलला. थोड्या वेळानं म्हणाला, "ताई, मी इथनं करणार काय? निदान गोळी तरी सुरू आहे, एवढं वाटायचं."

त्या वाक्यानंतर मला त्या खोक्याचा राग राहिला नाही. मी म्हटलं, हेच पैसे कवळीला लावा, आणि रोज फोनवर गोळीऐवजी विचारा, भाकरी खाल्ली का. मावशी नोटा परत कनवटीला लावून गेल्या. जाताना मुलाकडून कवळीचं कबूल करून घेतलं होतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास एक तरुण बाप आला. तीन वर्षांच्या मुलीचा कान वाहत होता. चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट या अँटिबायोटिकचं पातळ औषध, तापाचं औषध आणि सॅकरोमायसिस बुलार्डी या प्रोबायोटिकची पाकिटं. बिल ऐकून तो म्हणाला, "ती पाकिटं राहू द्या ताई. घरचं दही देतो."

मी मान वर केली. त्यानं खुलासा केला, "सकाळी मी लायनीतच होतो की. तुम्हीच त्या म्हातारीला सांगत होता, असल्यावर पैसे घालवू नका, दही खा."

त्यानं ऐकलं ते खरं होतं, पण ते ज्यांना सांगितलं त्या मावशी होत्या. त्याच्या मुलीला तेच लागू करणं चुकीचं ठरलं असतं, आणि चूक माझ्या तोंडून निघालेली असती.

त्याला मी थांबवून घेतलं. मावशींना चार महिने न दिलेली पाच मिनिटं इथं आधीच द्यायची होती. अँटिबायोटिक कानातल्या जंतूंना मारतं तसं पोटातल्या कामाच्या जंतूंनाही मारतं, म्हणून मुलांना जुलाब लागतात. दह्यातले जंतू त्याच तडाख्यात सापडतात. बुलार्डी मात्र तसला जंतू नाही, ते यीस्ट आहे, पाव फुगवायला वापरतात तसलं, आणि अँटिबायोटिकला यीस्ट मारता येत नाही. आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते १९२० च्या दशकात इंडोचायनात सापडलं. कॉलऱ्याची साथ चालू असताना तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, त्या फळांवरून त्यानं ते वेगळं केलं. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून तीही सांगितली.

आणि आकडेही सांगितले. अँटिबायोटिक घेणाऱ्या सहा हजारांहून अधिक मुलांवरचे प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला. प्रोबायोटिक न घेणाऱ्यांत शंभरातल्या १९ मुलांना जुलाब लागले, घेणाऱ्यांत ८ जणांना.

"मग आधीच्या महिन्यात तिला नुसते जुलाब होते, तेव्हाबी दिलं असतं तर?"

प्रश्न चांगला होता. साध्या जुलाबांवर २०१८ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात दोन मोठे प्रयोग झाले. त्यांत वापरलेल्या प्रोबायोटिकांनी मुलांना काहीच फरक पडला नाही. तिथं खरं काम ओआरएस आणि झिंकचं. जंतूचं नाव बदललं, दुखणं बदललं, वय बदललं की उत्तर बदलतं. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्यासारख्या जंतूचा एक ठरावीक प्रकार आणि त्याचं खाद्य फक्त सात दिवस देऊन पाहिलं होतं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. २०१७ मध्ये हे वाचलं तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्या ते दोनदा वाचलं होतं. उलट कॅन्सरच्या केमोसाठी मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला हेच बुलार्डी दिलं तर यीस्ट रक्तात शिरू शकतं, तिथं ते देऊच नये.

बापानं विचारलं, "मग हे चालू किती दिवस ठेवायचं?"

दिवसभरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. मी चिठ्ठीवर लिहून दिलं: डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच दिवस, गार किंवा कोमट पाण्यात, गरम दुधात नाही. त्यानं पाकिटं घेतली. दहीही द्या, ते बंद करू नका, असं मी मागून ओरडून सांगितलं.

मुलीचा कान बरा झाला, जुलाब लागले नाहीत. ते पाकिटांमुळे की तसेच लागले नसते, हे एका मुलीवरून ठरत नाही.

मावशी परवा येऊन गेल्या. रुग्णालयात लोहाची गोळी बदलून दिली, कवळीचं माप झालंय. पोट रोज नाही, पण एक दिवसाआड साफ होतं म्हणाल्या. डेअरीला अर्धा लिटर कमी जातं. त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेला खोका मी स्टॉकिस्टला परत पाठवला.