जाळं आभाळाला कसं चिकटतं?

"मॅडम, पिच्चर एवढा भारी, मंग त्याचा गेम काहून असा भंगार निघते?"

आर्णीच्या बसस्टँडजवळ मी कॉम्प्युटरचा क्लास घेते, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. विचारणारी पोरं बदलत गेली, प्रश्न तोच राहिला. कालपरवा अकरावीतल्या एका मुलानं पुन्हा विचारलं. त्याला घाईत जे सांगितलं त्यानं माझंच समाधान झालं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या काळात संध्याकाळी सहानंतर आम्ही पोरांना दहा रुपये तासानं गेम खेळू द्यायचो. सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं. सगळ्यात मोठी रांग २००२च्या स्पायडर-मॅनच्या गेमला असायची. सिनेमा पोरांनी केबलवर हिंदीत पाहिलेला. खुर्चीत एक जण आणि मागे सहा-सात उभे. एकदा त्यांतलाच एक शेतमजुराचा मुलगा, सातवीतला असेल, बराच वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, हा एवढ्या वर लटकते, पण जाळं कायले चिकटलं हो? वर तं आभाळच हाय."

मी बघितलं तर त्याचं खरं होतं. त्या गेममध्ये जाळं वरच्या वर रिकाम्या आभाळात जाऊन लागायचं. आम्ही सगळे महिनाभर तो खेळत होतो आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. झाडाला दोर टाकून झुलणाऱ्या पोरानं ते पहिल्या दिवशी पकडलं. त्या दिवसापासून सिनेमावरच्या गेमकडे मी त्याच्या नजरेनं बघते.

२००४मध्ये दुसरा भाग आला. गेमबद्दल पेपरच्या पुरवणीत वाचलं की आता जाळं खऱ्या इमारतीलाच चिकटतं, अख्ख्या शहरात कुठूनही कुठंही झुलता येतं. ते खरंच होतं. ट्रेयार्क या कंपनीत जेमी फ्रिस्ट्रमनं त्या झुलण्यावर जीव ओतून काम केलं होतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा बारावीत. वेचणीच्या दिवसांत काकांच्या वावरात कापूस वेचून त्यानं पैसे जमवले, नागपूरला गेला, तिथल्या बर्डीच्या बाजारातून सीडी घेतली आणि रात्रीच्या यष्टीनं परत आला. सीडीचा डबा त्यानं शर्टाच्या आत, छातीशी धरून आणला होता.

इन्स्टॉल होताना दोनदा लाइट गेली. तिसऱ्यांदा जमलं. शहर दिसलं, भाऊ उंच इमारतीवर उभा राहिला, समोरच्या इमारतीवर नेम धरून त्यानं माऊस दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. मग कळलं की जाळं फक्त ठरवून दिलेल्या जागांनाच लागतं. तिथं खूण दिसते, तिथंच सोडायचं. बाकी इमारती नुसत्या चित्रासारख्या. मागची पोरं एकेक करून निघून गेली. भाऊ मात्र शेवटपर्यंत बसून होता. आपलंच काहीतरी चुकत असेल असं त्याला वाटत होतं.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पेपरात वाचलेला गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांचा होता. कॉम्प्युटरसाठी त्याच नावानं, तसंच चित्र लावून, दुसऱ्याच लोकांनी केलेला वेगळा आणि सोपा गेम विकायला होता. डब्यावर हे समजेल असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराला फोन केला तर फोडलेली सीडी परत घेत नाही म्हणाला. याचा राग मला आजही आहे. ज्या गावात एकही प्लेस्टेशन नाही, तिथल्या पोराला हा फरक कळणार तरी कसा?

मग असं का होतं? माझ्या मते पहिलं कारण तारीख.

सिनेमा लागण्याची तारीख पक्की असते. जाहिरात, पोस्टर, थेटरं सगळं तिच्यावर बांधलेलं. गेमही त्याच आठवड्यात दुकानात हवा, कारण तेव्हा तो पोस्टरच्या जोरावर विकला जातो, आतून कसाही असला तरी. पण चांगला गेम व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि करणाऱ्यांच्या हातात सिनेमाची कथासुद्धा कित्येकदा उशिरा पडते. आपल्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, केली म्हणून कापसाचं हिरवं बोंड फुटत नाही. जबरदस्तीनं फोडलं तर हाती कवडी, म्हणजे खराब कापूस, येते. बाजारात कवडीला काय भाव मिळतो हे आर्णीत कुणाला सांगायला नको.

याचं सगळ्यात जुनं मोठं उदाहरण 'ई.टी.'चं. स्पीलबर्गचा सिनेमा जून १९८२चा. अटारी कंपनीचा करार जुलैच्या अखेरीस झाला आणि गेम नाताळला दुकानात हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळणाऱ्याचा ई.टी., म्हणजे सिनेमातला तो परग्रहवासी, सारखा खड्ड्यात पडायचा. मान लांबवून वर यायचं आणि पुन्हा पडायचं. कंपनीनं सुमारे ४० लाख कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेल्या डब्या, काढली, त्यातली लाखो पडून राहिली. १९८३मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत अटारीचा न खपलेला माल पुरला गेला. २०१४ला तो उकरला तेव्हा त्यात ई.टी.ची कार्ट्रिजही निघाली. वॉरशॉला लोकांनी फार हिणवलं, पण त्याआधी त्यानंच 'यार्स रिव्हेंज' हा उत्तम गेम केला होता. हात तेच होते, दिवस मिळाले नाहीत.

याच्या उलट 'गोल्डनआय'. बाँडचा हा सिनेमा १९९५चा आणि गेम आला ऑगस्ट १९९७मध्ये, सिनेमा लागून जवळपास दोन वर्षांनी. करणाऱ्यांत कितीतरी जण नवखे होते, तरी आजही लोक त्या गेमचं नाव काढतात.

पण तारखेवर सगळं ढकलता येणार नाही. हैदराबादच्या एफएक्सलॅब्सनं 'गजनी'चा गेम काढला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, आपल्या देशातला म्हणून. त्यात मुख्यतः हाणामारी निघाली. 'गजनी'त माणूस धरून राहतो तो त्या विसरण्यामुळे. दर पंधरा मिनिटांनी सगळं पुसलं जातं आणि त्याला अंगावर गोंदलेलं वाचून पुन्हा सुरुवात करावी लागते. ही तर गेमसाठी आयतीच चालून आलेली कल्पना होती! खेळणाऱ्यालाच विसरायला लावा, त्यालाच खुणा जपायला लावा. पण मारामारी दाखवायला सोपी असते म्हणून तीच उचलली गेली. सिनेमा डोळ्यांनी पाहायचा असतो, गेम हातांनी करायचा असतो. त्या सिनेमात हातानं करण्यासारखं काय आहे, हे आधी कुणीतरी बसून शोधावं लागतं.

आता असे गेम फारसे येत नाहीत, चांगले बनवणारे सिनेमाची तारीख धरतच नाहीत. २०१८चा इन्सोम्नियाक कंपनीचा स्पायडर-मॅन गेम कुठल्याच सिनेमाला जोडलेला नव्हता. आमची पोरं मात्र मोबाइलवर सिनेमाचं नाव टाकून सापडेल ते उतरवतात. त्यातले कित्येक त्या सिनेमावाल्यांचे नसतातच. दोन मिनिटं खेळलं की जाहिरात, आणि महिन्याचा डेटा तिकडेच जातो. मी त्यांना एवढंच सांगते की आधी कुणी केलाय ते नाव वाचा, मग दुसऱ्या कुणाला खेळताना बघा.

भाऊ पुढे नोकरीला पुण्याला गेला. २००९च्या दिवाळीआधी एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हणून मी घाबरूनच उचलला. रूमवरच्या मित्राकडे जुना प्लेस्टेशन होता आणि त्यात तोच गेम, २००४चा, खराखुरा.

"ताई," तो म्हणाला, "बिल्डिंगलेच चिकटते व. मी आभाळात सोडून पाह्यलं, तं खाली पडलो."