जेवल्यावर मी आडवी का होते

"जेवली की लगेच आडवी, काय गं हे?" चार वर्षं ऐकतेय, सासरी, माहेरी, सिडकोतल्या शेजारणींकडून पण. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. अल्सरचं ऑपरेशन सगळ्यांना माहितीये, ते सोडा. जठराचा खालचा भाग काढला तेव्हा जेवण थोडं थोडं करून आतड्यात सोडणारी झडप पण गेली, सगळा घोळ तिथून सुरू.

ऑपरेशननंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंचवटीत सासऱ्यांकडे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, गोड नको, जेवताना पाणी नको. कागद फ्रीजला चिकटवलेला होता. मी दोन वाट्या आमरस घेतला, पुरणपोळी, वरून ग्लासभर पाणी. सासूबाईंनी आग्रह केला असं मी आजवर सांगत आलेय, खोटं आहे ते, मलाच हवा होता.

पंधरा मिनिटांत कानशिलं तापली, छाती धडधडायला लागली, पोटात पिळा, ब्लाउज घामाने चिंब. संडासात धावले, बाहेर आले तर उभं राहवेना, मग मोरीच्या ओल्या फरशीवर गाल टेकून पडले, फरशी गार होती एवढं आठवतं. बाहेर सासूबाई मीठमोहऱ्या शोधतायत दृष्ट काढायला, आणि जाऊबाई हळूच म्हणाल्या, "भांड्यांच्या वेळेलाच बरोबर होतं हिला." ते लागलं. दोन तासांनी दुसरा फेरा, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, सासऱ्यांच्या मशीनवर शुगर 54. एवढं गोड हाणून 54! आणि उपाय काय, तर परत साखर.

झालेलं असं की सगळी साखर एकदम आतड्यात पडली, तिने रक्तातलं पाणी आत ओढलं, आणि आतड्याच्या अस्तरात अन्न ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांनी सेरोटोनिन, इन्सुलिन सोडायला सांगणारं जीएलपी-वन, सगळं एकाच वेळी सोडलं. एरवी हे कामाचंच. तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं, तोंडाने घेतली तर जास्त, कारण आतडं आधीच वर्दी देतं. माझं आतडं बोंब मारतं. मग इन्सुलिन इतकं सुटतं की शुगर खालीच.

भाची म्हणते, मावशी, सेरोटोनिन म्हणजे आनंद ना, मग तू तर खूश पाहिजेस. अगं, शरीरातलं 90 टक्के सेरोटोनिन पोटातच बनतं पण ते मेंदूत शिरत नाही, आतड्यात राहून कळा आणतं. वर विचारते, लोक वजन उतरवायला जीएलपी-वनची इंजेक्शनं पैसे मोजून घेतात, तुला फुकट? हो, पण शरीरातलं काही मिनिटांत मोडतं, त्यांचं आठवडाभर टिकवलेलं असतं.

आडवं पडलं की जेवण जरा हळू उतरतं. अर्धा तास. बास.

पूर्वी मीच म्हणायचे, पोटाचं काही नसतं गं, सगळं मनाचं असतं, ऑफिसातल्या एकीला तर तोंडावर म्हणाले होते. तिला फोन करायचाय, अजून केला नाही. आणि खरं लिहायचंच तर कधीकधी काही होत नसतानाही पडते, बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग दिसतो म्हणून.

यंदाच्या आखाजीला आधी पोळी-भाजी खाल्ली, शेवटी दोन चमचे आमरस. काही झालं नाही. मग तिसरा घेतला, आणि आडवी झाले, आणि जाऊबाईंनी पाहिलं.