मुंबईचा प्लेग आणि फळ्यावरची तीन समीकरणे

अवकल समीकरणांचा, म्हणजे एखादी संख्या किती वेगाने बदलते हे सांगणाऱ्या समीकरणांचा, पहिला तास मी अनेक वर्षे व्याख्यांपासून सुरू करत असे. ऑर्डर म्हणजे काय, डिग्री म्हणजे काय, मग ‘व्हेरिएबल सेपरेबल’, मग लिनिअर, मग बर्नोली. मुले उदाहरणे भराभर सोडवत आणि गुणही चांगले मिळवत, पण समोरचे समीकरण मुळात आले कुठून, असे वर्गात कोणी कधी विचारले नाही. ही गोष्ट मला फार लागून राहिली. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी फळ्यावर एक हजार वस्तीचे गाव मांडते, त्यातले दहा जण तापाने आजारी आहेत असे सांगते, आणि उद्या किती आजारी असतील एवढेच विचारते.

पहिले उत्तर बहुधा एकच येते: जितके आजारी, त्या प्रमाणात वाढ. ते आम्ही लिहून काढतो, आणि थोड्याच दिवसांत आजाऱ्यांची संख्या गावाच्या वस्तीपेक्षा जास्त होते. मग कोणीतरी म्हणते की लागण व्हायला दोघे लागतात, एक आजारी आणि एक अजून न लागलेला. इथे मी मुद्दाम रेंगाळते. या दोन संख्यांचा गुणाकारच का घ्यायचा, बेरीज का नको? बेरीज घेतली तर एकही आजारी नसलेल्या गावातसुद्धा साथ सुरू होईल, हे मुलांनी स्वतः सांगेपर्यंत मी पुढे जात नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातले सर्वांत मोलाचे शिक्षण या एका गुणाकारात आहे.

मग आकडे घालतो. लागणीचा गुणांक ०.०००५ आणि बरे होण्याचा रोजचा दर ०.२५, म्हणजे आजारपण सरासरी चार दिवसांचे. ९९० गुणिले १० गुणिले ०.०००५ म्हणजे दिवसाला जवळपास पाच नवे रुग्ण. त्याच दिवशी अडीच बरे होतात. म्हणून उद्या साधारण साडेबारा आजारी. वहीत न लागलेले, आजारी आणि बरे झालेले असे तीन रकाने आखून अशा वीस-बावीस ओळी प्रत्येकाने कॅल्क्युलेटरवर करायच्या; प्रत्येक रकान्याचे एक समीकरण. एकेक छोटे पाऊल टाकत उत्तर काढण्याची ऑयलरची पद्धत तिचे नावही न घेता शिकून होते, आणि नाव सांगितले की ते लक्षात राहते.

रकाने भरताना कोणाच्या तरी ध्यानात येते की न लागलेल्यांची संख्या ५००च्या खाली गेली की आजारी कमी होऊ लागतात. ५०० का, तर ०.२५ भागिले ०.०००५. यानंतर मी आजाऱ्यांच्या समीकरणाला न लागलेल्यांच्या समीकरणाने भागायला सांगते. काळ निघून जातो आणि जे उरते ते ‘सेपरेबल’ असते, म्हणजे त्यातले दोन चल दोन बाजूंना वेगळे करता येतात. जी पद्धत पूर्वी मी पहिल्याच तासाला वाढून ठेवत असे, ती आता गरज पडल्यावर मुले स्वतः मागून घेतात. त्यातून निघते की एका वेळी जास्तीत जास्त सुमारे १५८ जण आजारी असतील, आणि साथ ओसरेल तेव्हा जवळपास २०० जणांना ती शिवलेलीही नसेल. सगळ्यांना लागण झाल्यावरच साथ थांबते, अशी बहुतेकांची समजूत असते. ती इथे मोडते.

एवढे झाल्यावर मी कर्मक आणि मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणितावरचा १९२७चा निबंध, जिथे हीच तीन समीकरणे आहेत, वर्गात आणते. मॅकेंड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. कर्मक यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. त्यानंतर तीन वर्षांनी हे काम प्रसिद्ध झाले. निबंधातला आलेख मुंबईचा आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू. मांडवीत १८९६ साली डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलेला तोच प्लेग दहा वर्षांनंतरही शहर सोडायला तयार नव्हता. लागण झालेल्यांपैकी ८० ते ९० टक्के दगावत, म्हणून मृत्यूंचा आकडा तिसऱ्या, म्हणजे आजारातून बाहेर पडलेल्यांच्या, समीकरणाच्या जागी ठेवता आला. आकड्यांवर बसवलेले सूत्र असे: ८९० गुणिले (०.२ टी वजा ३.४) याच्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग; त्याचा वक्र मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा, घंटेसारखा असतो. टी म्हणजे आठवडे. शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६च्या मध्यावर येते, आणि वक्राखालचे क्षेत्रफळ ८९०० मृत्यू भरते. दोन्ही उत्तरे मुले पाच मिनिटांत काढतात. ठिपके वक्राला इतके चिकटून आहेत की पाहताना आनंद होतो.

त्या आनंदात मी त्यांना फार वेळ राहू देत नाही. मुंबईची वस्ती तेव्हा सुमारे दहा लाख होती. न लागलेले कमी झाले म्हणून साथ ओसरली असे म्हणावे, तर शंभरात एकही माणूस दगावलेला नाही; मग कमी झाले कोण? प्लेग उंदरांचा आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचा. लेखकद्वयाने स्वतःच लिहिले आहे की माणसांतला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण धरतो आहोत, आणि आपली कुठलीही गृहीतके काटेकोरपणे पाळली जात नाहीत. शिवाय मुंबईत प्लेग दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस चढे आणि पावसाळ्यापर्यंत उतरे; म्हणजे ज्या गुणांकाला आपण स्थिर मानले, तो ऋतूप्रमाणे बदलत होता. वक्र आकड्यांवर नेमका बसला, तरी साथ का ओसरली याचे उत्तर त्यातून मिळतेच असे नाही, हे मला मुलांना याच आलेखावर दाखवायचे असते, कारण त्यातले ठिपके आपल्या शहरात मेलेल्या माणसांचे आहेत.

पुढच्या तासाला फळ्यावर उंदरांसाठी वेगळी समीकरणे मांडतो. पिसवा उंदीर मेल्यावर माणसाकडे वळतात, म्हणून माणसांच्या लागणीच्या पदात जिवंत उंदीर घ्यायचे की मेलेले, यावर वर्गात गेल्या वर्षी पूर्ण तास वाद झाला आणि घंटा झाल्यावरही तो व्हरांड्यात चालू होता.