तुम्ही विचारलंत म्हणून: साइट हलवल्यावर दोन दिवस का थांबायचं?

"रेकॉर्ड बदललंय म्हणता, मग माझ्या मोबाइलवर जुनीच साइट का दिसतेय?" साइट नव्या सर्व्हरवर नेली की हा फोन ठरलेला. पाठोपाठ दुसरा प्रश्न: "बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात म्हणे?"

मुळात काही पसरतच नाही. रेकॉर्ड म्हणजे डोमेनची, साइटच्या नावाची, नोंद; तिच्यात सर्व्हरचा पत्ता असतो. नवा पत्ता कोणी घरोघरी वाटत फिरत नाही. डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरवर, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर, तो बहुतेकदा मिनिटभरात बदललेला असतो. पण तुमचा फोन तिथे जातच नाही. तो विचारतो इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, आणि रिझॉल्व्हर एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतो. किती काळ, ते रेकॉर्डमध्येच सेकंदांत लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस.

हे डोळ्यांनी बघता येतं. संगणकावर 'डिग' (dig) या नोंदी विचारणाऱ्या कमांडने डोमेन विचारा. नावाशेजारी एक आकडा येईल, समजा २७१४. दहा सेकंदांनी पुन्हा विचारलं की २७०४. हा आकडा संपला की रिझॉल्व्हर मूळ नेमसर्व्हरकडे नव्याने विचारायला जातो. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, म्हणून दुबईतल्या भावाला नवी साइट दिसते आणि सांगलीत तुम्हाला जुनी.

४८ तासांचा आकडाही हवेतला नाही. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्या सगळ्या नावांच्या मुख्य नोंदवहीत, नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. नेमसर्व्हरच बदलले तर तेवढं थांबावं लागू शकतं. नुसता ए रेकॉर्ड (साइटच्या सर्व्हरचा पत्ता) बदलताना नाही.

म्हणूनच मी आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणतो. जुना ८६४०० असेल तर पूर्ण दिवस जाऊ देतो आणि मगच पत्ता बदलतो. जुना सर्व्हर आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवतो. हा धडा एका मसालेवाल्या ताईंच्या मेलने दिला. एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे ती नोंद) बदललं आणि जुन्या सर्व्हरवरचं त्यांचं खातं त्याच संध्याकाळी काढून टाकलं. रात्रभर काही मेल जुन्याच पत्त्यावर जात राहिले आणि "असा खातेदार नाही" म्हणून परत फिरले. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या हो त्या. ताई काही बोलल्या नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं.

आणि एक विनंती. नवं सबडोमेन, म्हणजे डोमेनच्या पुढे जोडलेलं वेगळं नाव, मागितलंत की मी "झालं" म्हणेपर्यंत ते उघडून बघू नका. "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर जपून ठेवतो. मी पाच मिनिटांत नोंद घातली तरी ज्याने घाई करून पाहिलं, त्यालाच ती सगळ्यात उशिरा दिसते.